वैरागडे मॅडम आणि भट्टीची चावी

वैरागडे मॅडम हातात कागद घेऊन केबिनकडे निघाल्या की आमचे शेठ फोन उचलून कानाला लावत. फोन वाजलेला नसे. मॅडम दाराशी उभ्या राहत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेठ पलीकडे कोणी नसताना "हो, हो, पाठवतो" करत राहत. शेवटी बोलायला काही उरत नसे तेव्हा फोन ठेवत आणि म्हणत, "बोला मॅडम. पुन्हा तेच ना?"

"तेच आहे सर. वाचून सही केली की मी जाते."

"अरे यार, चालू आहे ना ते?"

"चालू आहे सर."

"मग?"

मॅडम पेनाचं टोपण काढून पेन पुढे करत. शेठ सही करत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे असं तीन वर्षं चाललं. मी भट्टीजवळून काचेतून पाहत असे आणि मनातून शेठच्या बाजूनं असे.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा हीट ट्रीटमेंटचा कारखाना. ट्रॅक्टरचे गिअर आमच्याकडे नरम येत आणि कडक होऊन जात. मी तिथला मिस्त्री, तेव्हा एकतीस वर्षं भट्टीवर झालेली. शाळा चौथीत सुटली. पण भट्टीच्या झरोक्यातून आतला लाल रंग पाहून नऊशे डिग्री आहे की नऊशे वीस हे मी सांगत असे, आणि मीटर माझ्या मागून तेच सांगत असे. हे बढाई म्हणून लिहीत नाही. होतं ते लिहितो.

पुढे भट्टीला कॉम्प्युटर लागला. किती तापवायचं, कधी गॅस सोडायचा, कधी थांबायचं, ते सगळं त्यातला प्रोग्राम ठरवू लागला. मॅडम या कॉम्प्युटरच्या कामाला आल्या. त्यांच्या हातातला कागद म्हणजे तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचं पत्र. त्यात लिहिलेलं असे की तुमच्याकडचा प्रोग्राम जुना झाला, आम्ही आता त्याच्याकडे पाहणार नाही, बिघडला तर दुरुस्त करणार नाही, नवा घ्या. नवा घ्यायचा तर कॉम्प्युटरही नवा लागणार होता आणि भट्टी तीन-चार दिवस बंद ठेवावी लागणार होती. भट्टी बंद म्हटलं की शेठ लगेच नुकसानीचा हिशेब मांडत. मीही.

मॅडम कोराडीच्या कॉलनीतून मोपेडवर येत. वडील पॉवर स्टेशनात होते. सकाळी गाडी उभी केली की आधी सीटवर बसलेली पॉवर स्टेशनची राख पिवळ्या फडक्यानं पुसत, मग चेहरा, तोही त्याच फडक्यानं. वय पंचेचाळीसच्या आसपास. बारीक अंग, मोठा आवाज. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढत आणि दुसऱ्यालाही काढायला लावत. दिलीप भट्टीवर माझ्या हाताखाली होता, चाळिशीचा, तोंडाळ. तो विचारी, "मॅडम, नारळ बी फोडू काय?"

"फोडा. पण बाहेर. आत पाणी नको."

त्यांची एक खोड होती. कोणी काहीही सांगितलं की विचारत, "आणि नाही झालं तर?" दिलीपनं मुलीच्या लग्नाचं सांगितलं, अंगणातच मांडव टाकून राहिलो म्हणाला. मॅडमनी विचारलं, "आणि वारा सुटला तर?" दिलीप चिडला. "तोंडातून चांगलं काहून निघत नाही गा हिच्या," असं माझ्याजवळ बोलला. कारखान्यात त्यांना सगळे 'नाहीतर मॅडम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा दिलीप तोंडावरच तसं बोलून गेला आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. तोच माझा पगार आहे."

मी त्यांच्यावर आधीपासून खार खाऊन होतो. त्याला कारण हजेरीचं मशीन. गेटवर अंगठा लावायचं मशीन होतं. मॅडमनी त्यात नवा प्रोग्राम घातला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांचे अंगठे घेतले, माझा घेतला नाही. भट्टीपाशी इतकी वर्षं काढली की अंगठ्यावर रेघा राहत नाहीत. मशीन आपलं म्हणत राहिलं, पुन्हा लावा, पुन्हा लावा. मागे कारखान्याच्या बसमधून उतरलेली सगळी शिफ्ट उभी. मी ओरडलो, "नवीन आनलं का जुना मानूस बाहेर! हेच पाहिजे होतं ना तुमाले?"

मॅडम धावत आल्या. मला वाटलं समजूत काढतील. त्यांनी माझा हात धरला आणि एकेक बोट मशीनवर लावू लागल्या. उजव्या हाताची पाचही गेली. डाव्याची चार गेली. मी हात ओढत होतो, त्या सोडत नव्हत्या. शेवटी डावी करंगळी लागली आणि मशीन पीं वाजलं.

"मिस्त्री, एवढं एक बोट भट्टीनं खाल्लं नाही तुमचं," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "हे आधी पाहायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

शिफ्टसमोर चूक कबूल करणारा ऑफिसातला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तरी माझा राग गेला नाही. मी तसाच आहे.

त्या आल्या त्या वर्षी त्यांनी आणखी एक केलं होतं. भट्टीला एक वेगळं छोटं मीटर लावून घेतलं, ज्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. शेठ म्हणाले दोन-दोन मीटर कशाला. त्यांनी अर्थातच विचारलं, आणि कॉम्प्युटर गेला तर? लावलं मीटर. मी त्यावर माझी टोपी अडकवत असे.

आता भट्टीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भट्टीत पेटणारा गॅस असतो. भट्टी लाल आहे तोवर तो गुमान जळतो. ती साडेसातशेच्या खाली उतरली आणि तेव्हा आत हवा शिरली, तर तो गुमान राहत नाही, भट्टीचं झाकण छपरातून बाहेर जातं. म्हणून उतरायच्या आधी आत नायट्रोजन सोडून गॅस हाकलून लावायचा. हे कामही प्रोग्रामकडे होतं. आणि प्रोग्राम चालत होता एका चावीवर. कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली, बोटाच्या पेराएवढी, हिरवा दिवा असलेली. सगळे तिला चावीच म्हणत. ती असली तरच प्रोग्राम उघडे, म्हणजे कोणी चोरून वापरू नये. हे मी आता सांगतो. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की ती काढली की भट्टी मुकी.

त्या वर्षी मॅडमनी शेठना अर्धं-मुर्धं राजी केलं. खंडेनवमीला भट्टी बंदच असते, त्या दिवशी काम सुरू करते, पुढचे तीन दिवस धरून चार दिवसांत संपवते, असं त्या म्हणाल्या. शेठ म्हणाले, मिस्त्रीला विचारा.

त्या माझ्याकडे आल्या. मी पाने-पक्कडी काढून पुसत बसलो होतो.

"नाही," मी म्हणालो.

"मिस्त्री, ऐकून तर घ्या."

"नवमीले अवजाराले हात लागत नाही. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर उचलाचं. एकतीस वर्षं झाले, माह्या भट्टीवर हे मोडलं नाही."

"कॉम्प्युटर पण अवजार?"

"भट्टी तोच चालवते ना?"

त्या म्हणाल्या, "पुढची सुट्टी दिवाळीला आहे. तोवर काही झालं तर त्या कंपनीचा माणूस येणार नाही. फोन पण उचलणार नाही. पटून राहिलं का तुम्हाला मी काय म्हणते ते?"

"चालून राहिलं ना ते?"

"चालून राहिलं म्हणजे बरं आहे असं नसते, मिस्त्री."

"आमची बी तब्येत तशीच हाये," दिलीप मधेच बोलला आणि सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. शेठनी माझं ऐकलं. मला बरं वाटलं. एवढं शिकलेल्या बाईचं खाली पडलं आणि माझं राहिलं, याचं बरं वाटलं.

नवमीला आम्ही दरवर्षीसारखं सगळं केलं. आदल्या दिवशी पाईपांना रंग मारला, पिवळा, लाल, निळा, चकचकीत. ताटात पाने, चिमटे, साखळीचा हूक मांडले. दुधा-पाण्यानं धुतले, हळद-कुंकू, झेंडू. आणि मला वाटलं, या सगळ्यात मोठं अवजार तर मागे खोचलेलं आहे. मी जाऊन चावी काढून आणली. इतरांबरोबर तीही धुतली. नीट धुतली, अंगठ्यानं चोळून. हळदीचं बोट लावलं. चंदनाचाही ठिपका दिला. मॅडम त्या दिवशी सुट्टीवर होत्या.

दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर मी चावी धोतराच्या सोग्यानं पुसून जागेवर खोचली. हिरवा दिवा लागला. गिअरचा लोड आत गेला, भट्टी चढली, गॅस सुरू झाला. नवे कपडे घालून सगळे कामाला. मॅडमही आल्या होत्या, केसात गजरा होता.

साडेअकराला कॉम्प्युटरवर लाल चौकोन आला आणि भट्टीचा आवाज बंद पडला. तिचा हीटर जिवंत असताना एक घुमणं असतं. ते थांबलं की पायाला आधी कळतं, कानाला नंतर.

मॅडम चपला न काढता खोलीत धावल्या. तेव्हाच मी ओळखलं की हे साधं नाही. परत आल्या त्याही धावतच. "प्रोग्रामला चावी दिसत नाहीये. सगळं बंद केलं त्यानं. हीटर, गॅस. नायट्रोजनपण."

"चालू करा परत."

"होत नाहीये, मिस्त्री."

त्यांनी माझी टोपी काढून फेकली आणि मीटर पाहिलं. आठशे नव्वद. आत गॅस तसाच. भट्टी थंड होणार, आतला गॅस आकसणार, आणि जिथून फट मिळेल तिथून हवा ओढणार.

"दिलीप, सगळ्यांना घेऊन गेटच्या बाहेर. रस्त्याच्या पलीकडे. शेठनापण. आत्ता."

दिलीपनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते गेले. मॅडम राहिल्या.

"तुमी बी जा वं," मी म्हणालो. त्या वेळेला मॅडम-बिडम काही सुचलं नाही.

"तुमची पाठ मीटरकडे राहील. वाचणार कोण?"

नायट्रोजनला हातानं उघडायचा एक व्हॉल्व्ह होता, भट्टीच्या मागे, कंबरेएवढ्या उंचीवर. मी चाक धरलं आणि जोर लावला. हललं नाही. पाना लावला. हललं नाही. आणि मग दिसलं. कितीतरी नवम्यांचा निळा रंग त्या चाकाच्या दांड्यावर थरावर थर बसला होता. आम्ही दरवर्षी इतक्या भक्तीनं रंगवलं होतं की व्हॉल्व्ह आणि पाईप एक झाले होते.

"आठशे चाळीस," मॅडम म्हणाल्या.

मी चाकूनं रंग खरडू लागलो. वरचा थर ओला होता, चाकूला चिकटत होता. खालचे दगड झाले होते.

"आठशे एकवीस."

"बोलू नका मंग!"

"बोलणार. तुम्हाला कळलं पाहिजे किती वेळ आहे. आठशे अठरा. घाई करू नका, पण थांबू नका."

बोटातून रक्त आलं. घामानं दिसेना. मी पान्यावर पाईपचा तुकडा चढवला, लांब दांडा केला, आणि सगळं अंग त्यावर टाकलं. मागून त्यांचा आवाज येत होता, एका पट्टीत, जणू शाळेत हजेरी घेतायत. "आठशे दोन. सातशे शहाण्णव." भट्टीच्या झाकणाच्या फटीतून फुस्स, फुस्स असा आवाज येऊ लागला होता. तो मी नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात ऐकला होता, आणि त्यानंतर तिथं काय राहिलं तेही पाहिलं होतं. मी त्यांना हे सांगितलं नाही.

"सातशे ऐंशी."

दांडा एकदम सुटला आणि मी तोंडावर आपटलो. चाक फिरलं होतं. नायट्रोजन शिट्टी मारत आत गेला. झाकणाच्या फटीत थोडा वेळ निळी ज्योत नाचली, मग पिवळी झाली, मग विझली.

मॅडम तरीही वाचत होत्या. सातशे पंचावन्न. सातशे पन्नास. सातशे त्रेचाळीस. तिथं थांबल्या आणि होत्या तिथंच खाली बसल्या. नवी साडी, तेलाची फरशी. म्हणाल्या, "पाणी द्या मिस्त्री." मी पाणी दिलं. ते पिऊन त्या खोलीत गेल्या आणि चावी उपसून आणली. त्यांनी ती उजेडात धरली. खाचेत पिवळं होतं. त्यांनी वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि चावी पिवळ्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

त्या कंपनीनं फोन उचलला, पण म्हणाली, त्या आवृत्तीच्या चाव्या आम्ही आता बनवत नाही. लोड सगळा भंगारात. ज्यांचे गिअर होते त्यांनी विचारलं, चूक कोणाची, नाव कळवा.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी, दिलीप, मॅडम.

"चावी कोणाच्या ताब्यात असते?"

"माझ्या," मॅडम म्हणाल्या.

"मग खराब कशी झाली?"

"पाणी गेलं आत. तिला पाणी चालत नाही हे मी कोणाला सांगून ठेवलं नव्हतं. सांगायला पाहिजे होतं."

दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं. एक वाक्य होतं, तीन शब्दांचं, चावी मी धुतली. एकतीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती, आणि ती मीच काढावी एवढा मी मोठा नव्हतो.

"काम संपवा आणि महिनाअखेर सोडा," शेठ म्हणाले.

नवा प्रोग्राम बसवायला अकरा दिवस लागले. भट्टी अकरा दिवस बंद राहिली, आणि शेठ रोज नुकसानीचा हिशेब मांडत राहिले. मॅडम सकाळी आठला येत. जेवणाच्या डब्यात कोथिंबीर भरलेली पुडाची वडी असली तर एक माझ्यासमोर ठेवत, पूर्वी ठेवत तशीच. मी खात नसे. शेवटचे तीन दिवस त्यांनी मला खुर्चीत बसवून नवा प्रोग्राम शिकवला. मला वाचायला वेळ लागे. त्या थांबत. "सगळं वाचू नका. लाल आलं तर काय आणि हिरवं आलं तर काय, एवढं धरा." मी विचारलं, "आनि दोन्ही नाही आलं तर?" पहिल्यांदाच त्या माझ्याजवळ मोठ्यानं हसल्या. मी तेव्हाही शेठकडे गेलो नाही.

महिनाअखेर त्या गेल्या. दुपारी त्यांची मोपेड गेटबाहेर पडली आणि माझ्यानं राहवलं नाही. मी केबिनमध्ये गेलो, बसलो नाही, म्हणालो, "शेठ, चावी मी धुतली होती. पूजेत."

शेठनी वर पाहिलं. खण उघडला आणि एक कागद काढून माझ्याकडे सरकवला. मी हळूहळू वाचला. मॅडमचं अक्षर मोठं, माझ्यासारख्यालाही कळणारं. चावी मिस्त्रींनी पूजेसाठी काढली होती. त्यांना माहिती नव्हती. माहिती देणं हे माझं काम होतं. खाली तारीख होती, दसऱ्याची.

"मंग तिले काहून काढलं?"

"बाहेर एक नाव पाठवायचं होतं, मिस्त्री. तुम्ही गेले तर भट्टी कोण लावते?"

मॅडमच्या फाईलमध्ये शेठच्या छत्तीस सह्या होत्या, पत्र वाचल्याच्या; चौकशी झाली असती तर चूक शेठचीच निघाली असती, हेही एक कारण असेल. मी नोकरी सोडली नाही. खोटं काहून सांगू. दोन वर्षं अजून केली, तिनं शिकवलेल्या प्रोग्रामवर, आणि मग घरी बसलो.

गेल्या उन्हाळ्यात बायकोची शुगर वाढली म्हणून तिला शहरात बर्डीजवळच्या एका दवाखान्यात नेलं. नाव नोंदवायच्या खिडकीपुढे बाकांवर भली मोठी रांग. खिडकी बंद. काचेवर कागद, मोठ्या अक्षरात, त्या दिवशीची तारीख आणि खाली, अकरा ते बारा नोंदणी बंद राहील, नवीन प्रोग्राम बसवणे सुरू आहे. तो कागद आठवडाभर लावलेला असावा, कडा वळल्या होत्या. रांगेतल्यांनी तो आजच पाहिला होता.

"काल तर मस्त चालू होतं यार!" एक जण काच ठोकत होता. "कशाले हात लावता चालू मशीनले?"

"बाई, ओ बाई! झोपल्या काय?"

आत काचेमागे एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती. बारीक अंग. केस आता पांढरे. चपला खुर्चीशेजारी जोडून ठेवलेल्या. ती वळत नव्हती.

मला ऐंशी जणांत बोलायची सवय नाही. मी उठलो आणि रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"ओ भाऊ," मी म्हणालो, "काच ठोकू नका. काल चालू होतं म्हनून आज चालते असं नसते. मले विचारा, माह्यामुळे लोक मरता मरता वाचले. बाई काम करून राहिल्या. बसा खाली."

"तुम्ही कोन गा, बाबाजी?"

"तिच्यासंगं काम केलं मी. तिची काही चूक नव्हती. माही होती."

लोकांना काय कळणार, कशाची चूक न काय. पण काच ठोकणारा मागे जाऊन बसला. मलाच माझा आवाज फार मोठा झाल्यासारखा वाटला.

काचेमागची पाठ थोडी सरळ झाली. हात थांबले नाहीत. खिडकीच्या खालच्या फटीतून तोच मोठा आवाज आला.

"मिस्त्री, तुम्हीपण बसा. अजून सात मिनिटं आहेत."

मी बसलो.